काटा, नेम आणि आठवड्याचा हिशेब

जानेवारीत फ्रिस्कोतल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला जा. पानात श्रीखंड येईपर्यंत तीन वाक्यं तुमच्या कानावर आलेली असतात: ‘मी सध्या दोनदाच जेवतो’, ‘आम्ही भात सोडलाय’ आणि ‘यंदा जिम लावलंय’. मार्चमध्ये पुन्हा त्याच घरी गेलात, तर त्यातलं एखादंच वाक्य उरलेलं असतं आणि ते बोलणारा बहुधा दुसराच कुणी असतो. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी ट्रेडमिल न पाहताच करून ठेवली, हे विशेष.

यावर ‘आपल्यात चिकाटीच नाही’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. मला ते पटत नाही. ज्या लोकांनी व्हिसाच्या रांगेत पंधरा पंधरा वर्षं काढली, तीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते न चुकता भरले, रात्री अकराला भारतातल्या टीमशी आणि सकाळी सातला इथल्या मॅनेजरशी बोलत दिवस रेटले, त्यांच्यात चिकाटी नाही असं कसं म्हणणार? गफलत दुसरीकडे असावी. आपण जे वाचून आणि ऐकून व्यायामाला लागतो, त्यातच काहीतरी राहून जात असावं.

म्हणून या लेखात चार पुस्तकं समोर घेऊ. तीन आपल्या महाराष्ट्रातली आहेत आणि एक आपल्या शेजारच्या डॅलसचं. ती तुम्ही वाचली नसली, तरी त्यातलं कुठलं ना कुठलं तुमच्या घरातल्या बोलण्यात शिरलेलं आहेच. चौघांना मी एकच प्रश्न विचारणार आहे. व्यायाम सांगणाऱ्या पुस्तकाची परीक्षा पहिल्या दिवशी होत नाही, पहिल्या दिवशी सगळेच शूर असतात. मुलाला ताप आला, ऑफिसचं रिलीज आलं, आई-बाबा भारतातून आले आणि सकाळचं सगळं वेळापत्रक विस्कटलं. त्यानंतरच्या सोमवारी हे पुस्तक तुम्हाला काय सांगतं? माझा प्रश्न एवढाच आहे.

प्रश्न साधा वाटला तरी त्यात आपलं बरंच काही गुंतलेलं आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हृदयविकाराची जोखीम वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत दक्षिण आशियाई वंश हीसुद्धा एक गोष्ट आहे. म्हणजे तुम्ही सिगरेट ओढत नसाल, रक्तदाब ठीक असेल, तरी आडनाव कुलकर्णी किंवा पाटील असल्याची नोंद डॉक्टरांनी घ्यावी, असं ती तत्त्वं सांगतात. घरापासून आठ हजार मैलांवर, मुलं शाळेत असताना, ज्याला धाप लागणं परवडत नाही, अशा माणसासाठी हा प्रश्न आहे.

आधी गावाकडे पाहू

पुस्तकं कुठे बसून वाचतो, यावर त्यांचा अर्थ बदलतो. १९९० च्या जनगणनेत फ्रिस्को सहा हजारांचं गाव होतं, २०२० मध्ये लोकसंख्या दोन लाखांवर गेली. जे गाव गाडी डोळ्यांसमोर ठेवून एवढ्या वेगाने वाढलं, तिथे चालायचं कारणच उरत नाही. गाव स्वतःला ‘स्पोर्ट्स सिटी यूएसए’ म्हणवतं आणि ते खोटंही नाही. डॅलस काउबॉइजचं मुख्यालय इथे आहे, एफसी डॅलसचं मैदान इथे आहे, गोल्फच्या पीजीए ऑफ अमेरिकेनेही आपलं बिऱ्हाड इथे हलवलं. पण खेळणाऱ्यांच्या गावात राहिल्याने आपलं शरीर हलतंच असं नाही. आपण खेळ पाहायला गाडीने जातो, मुलांना प्रॅक्टिसला सोडतो आणि त्यांची प्रॅक्टिस संपेपर्यंत गाडीतच फोन बघत बसतो.

पुण्यात किंवा नाशकात मंडईतली भाजीवाली कढीपत्ता पिशवीत फुकट टाकायची, इथे त्याच्या पाकिटाला पैसे मोजावे लागतात. चालण्याचंही तसंच झालंय. बसस्टॉपपर्यंत, वाण्यापर्यंत, तिसऱ्या मजल्यापर्यंत जे चालणं न मागता मिळत होतं, ते इथे ठरवून मिळवावं लागतं. त्यात टेक्सासचा उन्हाळा. २०११ साली डॅलस-फोर्ट वर्थमध्ये ७१ दिवस पारा शंभर फॅरनहाइटवर गेला होता. अशा ठिकाणी ‘रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला जा’ हा आजोबांचा सल्ला बरोबर असूनही अपुरा पडतो.

‘उपास’: हसून विसरलेलं निदान

वजन या विषयावरचं मराठीतलं सर्वांत वाचलं आणि ऐकलं गेलेलं लेखन कुठलं, तर पु. ल. देशपांडे यांचं ‘उपास’. १९५८ च्या ‘बटाट्याची चाळ’ या पुस्तकातलं हे प्रकरण. आपल्या मंडळांच्या गाड्यांमध्ये, लांबच्या रोड ट्रिपवर ते किती वेळा वाजलं असेल याची गणतीच नाही. ते विनोदी आहे म्हणून आपण हसतो आणि पुढे जातो. पण व्यायामाचं पुस्तक म्हणून ते पुन्हा वाचून पाहा. त्यातलं निदान फार नेमकं आहे.

निवेदक वजन उतरवायचं ठरवतो आणि त्या क्षणापासून ती त्याची खाजगी गोष्ट राहत नाही. सगळी चाळ सल्लागार होते. कुणी हे सोडायला सांगतो, कुणी ते. वजन हा बोलण्याचा विषय होतो, प्रतिष्ठेचा विषय होतो आणि शेवटी काटा उलट्याच दिशेला गेलेला असतो. पु. लं.नी कुणाला उपदेश केलेला नाही. त्यांनी एवढंच दाखवलं की आपल्याकडे वजन कमी करणं ही आधी जाहीर करायची गोष्ट असते, मग चर्चा करायची आणि सर्वांत शेवटी, वेळ उरलाच तर, करायची.

आता चाळीच्या जागी आपला व्हॉट्सअॅप ग्रुप ठेवून पाहा. कुणी मेथीचं पाणी सांगतं, कुणी सफरचंदाचं व्हिनेगर, कुणी सोळा तासांचा उपास. सल्ले बदलले, ओघ तोच आहे. आणखी एक गोष्ट पाहा. या सल्ल्यांचा सगळा रोख तोंडाकडे आहे. काय खावं, काय खाऊ नये, कधी खावं. हातापायांकडे क्वचितच कुणी वळतं. आपल्या मनात वजनाचं नातं उपासाशी आहे, म्हणजे त्यागाशी आहे. त्याग हा एकादशीपुरता असतो. द्वादशीला पारणं ठरलेलंच.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर ‘उपास’ देत नाही. ते द्यायला ते लिहिलेलंही नाही. पण नेम मोडतो कसा, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे सापडत नाही.

‘विनासायास’ या शब्दाची जादू

दुसरं पुस्तक गेल्या काही वर्षांतलं. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं ‘विनासायास वेट लॉस व मधुमेह प्रतिबंध’. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन डॉ. दीक्षितांनी जी जीवनशैली मांडली, ती महाराष्ट्रात जेवढी पसरली तेवढीच अमेरिकेतल्या मराठी घरांतही. भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. तिचा गाभा एवढाच.

या लेखनाचं मोठं गुण म्हणजे साधेपणा. काही विकत घ्यायचं नाही, काही मोजत बसायचं नाही. शिवाय दिवसभर येता-जाता चिवडा, बिस्किटं, चहाबरोबर काहीतरी, ही जी आपली खरी खोड आहे, तिच्यावर नेमकं बोट ठेवलेलं आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणाच्या वेळा बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायलाच हवं. साखर एकदम खाली जाण्याचा धोका खरा असतो.

माझा आक्षेप शीर्षकातल्या पहिल्याच शब्दावर आहे. ‘विनासायास’. आयास म्हणजे कष्ट. शीर्षकाने कष्ट वगळले आणि वाचकानेही वगळले. तुमच्या ओळखीतल्या दहा ‘दीक्षितवाल्यांना’ विचारून पाहा. ५५ मिनिटं सगळ्यांना पाठ आहेत, ४५ मिनिटं किती जणांच्या लक्षात आहेत? साडेचार किलोमीटर ४५ मिनिटांत, म्हणजे ताशी सहा किलोमीटर. ही रमतगमत चाल नव्हे, हा घाम काढणारा वेग आहे. लेखकाने तो सांगितला, पण मथळ्याने झाकला. लोकप्रिय लेखनात मथळा काय म्हणतो याला मजकुराइतकंच महत्त्व असतं, कारण बहुतेकांपर्यंत मथळाच पोचतो.

नेम मोडल्यावर काय करायचं? इथे प्रत्येक दिवस स्वतंत्र आहे, म्हणजे आज चुकलं तर उद्या सुरू करता येतं. पण व्यवहारात तसं होत नाही. गणपतीच्या पाच दिवसांत मोदक होतात, दिवाळीत फराळ होतो, ‘आता नवीन वर्षापासूनच’ असं ठरतं आणि चालणंही त्याच्याबरोबर बंद पडतं. जेवण आणि चालणं एकाच दोरीत बांधल्याचा हा तोटा. जेवणाचा नेम मोडला तरी चालण्याचा नेम चालू राहू शकतो, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

औंधची घंटा

तिसरं पुस्तक जुनं आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचं सूर्यनमस्कारांवरचं. १९२८ मध्ये ते इंग्रजीत आलं आणि १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकाराच्या साहाय्याने लंडनहून ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने पुन्हा आलं. आज न्यूयॉर्कपासून डॅलसपर्यंत योगाच्या वर्गात ‘सन सॅल्युटेशन’ घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या प्रवासातलं औंध हे नाव माहीत असेल. सूर्याला नमन ही जुनी गोष्ट आहे, पण रोजचा शिस्तबद्ध व्यायाम म्हणून या पद्धतीचा प्रसार करण्यात या मराठी राजाचा वाटा फार मोठा आहे.

गंमत अशी की हे महाराज आधी युजेन सँडो या युरोपीय बलवानाच्या पद्धतीने बरीच वर्षं व्यायाम करत होते. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. म्हणजे परदेशी यंत्रं आणि पुस्तकं मागवून व्यायाम करणं ही आपली आजची खोड नाही, तिला शंभर वर्षांची परंपरा आहे.

पुस्तकाची दुर्बल बाजू आधी सांगतो. त्याचे दावे फार मोठे आहेत. बीजमंत्रांच्या उच्चारांनी अमुक अवयव सुधारतात, या व्यायामाने जवळजवळ सगळी दुखणी दूर राहतात, असा त्याचा सूर आहे. त्या काळच्या आरोग्यपुस्तकांचा तो सर्वसाधारण सूर होता हे खरं, पण आज तो जसाच्या तसा स्वीकारता येणार नाही.

बलस्थान मात्र दुर्मीळ आहे. भवानरावांनी व्यायाम माणसाच्या इच्छेवर सोडला नाही. त्यांनी तो औंधच्या शाळांत सक्तीचा केला. घंटा झाली की नमस्कार, मग बाकीचं. स्वतः महाराज घालत, राणीसाहेब घालत, राजपुत्र घालत. पुढे राजपुत्र आप्पासाहेब पंत परराष्ट्र सेवेत गेले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. विलायतेत तर हा व्यायाम स्त्रियांसमोर मुद्दाम मांडला गेला. यामागचा विचार असा दिसतो: व्यायाम ही एकट्याची तपश्चर्या नव्हे, ती घराची आणि गावाची सवय. गावात मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असायची, तिचंही तत्त्व तेच. पैलवान एकटा नसायचा. तो आला नाही तर वस्ताद निरोप धाडायचे.

तेव्हा माझ्या प्रश्नाला औंधचं उत्तर आहे: घंटा पुन्हा वाजेल. नेम मोडला तरी दुसऱ्या दिवशी शाळा भरणारच आहे.

पण फ्रिस्कोत घंटा कोण वाजवणार? इथे कार्यसिद्धी हनुमान मंदिर आहे, पण दर्शन घेऊन आपण पार्किंगकडे वळतो, तालमीकडे नाही. रथसप्तमीच्या सुमाराला अमेरिकेत ठिकठिकाणी १०८ सूर्यनमस्कारांचे कार्यक्रम होतात. उपक्रम चांगला आहे, उत्साह खरा असतो. पण एका दिवशी १०८ घालून पुढचे तीन दिवस जिन्याचा कठडा धरून उतरणारे आपण पाहिलेले आहेत. रोजचे बारा याने वर्षभर घातले असते तर बरं झालं असतं, असं भवानरावांनाही वाटलं असतं. सोहळा वेगळा आणि सवय वेगळी. आपल्याला सोहळा छान जमतो.

प्रेस्टन रोडवरचं पुस्तक

चौथं पुस्तक आपल्याच रस्त्यावरचं आहे, अगदी शब्दशः. फ्रिस्कोतून जाणारा प्रेस्टन रोड धरून दक्षिणेला डॅलसमध्ये शिरलात की त्याच रस्त्यावर कूपर एरोबिक्स सेंटर लागतं. डॉ. केनेथ कूपर हे अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर. १९६८ मध्ये त्यांचं ‘एरोबिक्स’ प्रसिद्ध झालं आणि तो शब्द जगभर गेला. १९७० मध्ये हवाई दल सोडून त्यांनी डॅलसमध्ये आपलं केंद्र काढलं. ब्राझीलमध्ये तर धावायला जाण्यालाच ‘कूपर करणं’ म्हणू लागले.

हे पुस्तक साहित्य म्हणून रूक्ष आहे. निम्म्या पानांवर तक्ते आहेत. पण त्या तक्त्यांत एक कल्पना दडलेली आहे आणि आपल्या तिन्ही मराठी पुस्तकांत नेमकी तीच नाही. कूपर प्रत्येक व्यायामाला गुण देतात. एक मैल वीस मिनिटांच्या आत चाललात तर एक गुण. तोच मैल आठ मिनिटांच्या आत धावलात तर पाच. पोहणं, सायकल, सगळ्यांचे असेच गुण. आणि लक्ष्य काय? आठवड्याला तीस.

‘आठवड्याला’ हा शब्द नीट पाहा. आपला नेम रोजचा असतो. रोजच्या नेमाची अडचण ही की तो काचेसारखा असतो, एकदा तडा गेला की गेला. सोळा सोमवारांतला एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. व्यायामालाही आपण नकळत तोच नियम लावतो. मंगळवार चुकला, म्हणजे व्रतभंग झाला, म्हणजे आता पुढच्या मुहूर्तावर. कूपरच्या हिशेबात मंगळवार चुकला तर गुरुवार आहे, शनिवार आहे. हा किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखा हिशेब आहे: आज नाही जमलं, आठवड्याच्या आत भरून काढा. मोडल्यानंतरच्या सोमवारी काय करायचं, याचं चार पुस्तकांतलं सर्वांत स्वच्छ उत्तर म्हणजे हे: कोऱ्या पानावर शून्यापासून मोजायला लागा, मागची बाकी ओढू नका.

दुसरी गोष्ट, कूपर वजन मोजत बसत नाहीत. ते दम मोजतात. बारा मिनिटांत तुम्ही किती अंतर कापता, ही त्यांची प्रसिद्ध चाचणी. त्यांच्या डॅलसच्या केंद्रातल्या नोंदींवरून स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १०,२२४ पुरुष आणि ३,१२० स्त्रिया, ट्रेडमिलवर तपासलेल्या, सरासरी आठ वर्षांहून थोडा अधिक काळ पाठपुरावा केलेला. दम जितका चांगला, तितकं मृत्यूचं प्रमाण कमी. त्यातही सर्वांत मोठा फरक सर्वांत तळाचा गट आणि त्याच्या लगेच वरचा गट यांच्यात होता. म्हणजे मॅरेथॉनवाल्यापेक्षा सोफ्यावरून उठून रोज अर्धा तास भरभर चालू लागणाऱ्याला अधिक पदरात पडतं. आपल्यासारख्यांसाठी याहून आशादायक वाक्य दुसरं नाही.

या पुस्तकातही उणिवा आहेत. पहिली आवृत्ती मुख्यतः हवाई दलातल्या पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली होती, स्त्रियांसाठीचं पुस्तक मिल्ड्रेड आणि केनेथ कूपर यांनी १९७२ मध्ये वेगळं लिहिलं. सुरुवातीचा भर हृदय आणि फुप्फुसांवर इतका होता की स्नायूंची ताकद मागे पडली. आणि डॅलसच्या त्या नोंदींत बहुतांशी गोरे, शिकलेले, खाऊनपिऊन सुखी लोक होते. त्यात तुमच्या-माझ्यासारखी शरीरं शोधूनही सापडायची नाहीत.

काटा काय सांगत नाही

आपल्या शरीरांबद्दल सांगणारा माणूस पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. काट्याच्या आणि उंचीच्या हिशेबाने दोघेही सारखेच सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपला बारीक दिसणारा माणूसही आतून बारीक असतोच असं नाही, हे एका छायाचित्राने सांगून टाकलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहासाठी तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी असं सुचवलं, त्यामागची जाणीव हीच.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यायला हवा. ‘माझं वजन ठीक आहे, मला व्यायामाची काय गरज’ म्हणणारा मराठी माणूस काट्यावर विसंबून बसलेला असतो. आणि ‘महिनाभर चाललो, दोन पौंडसुद्धा उतरलं नाही, म्हणजे उपयोग शून्य’ म्हणून बूट कपाटात टाकणाराही काट्यावरच विसंबलेला असतो. अर्धा तास भरभर चालण्यात साधारण दीडशे कॅलरी जातात, तुपाची धार सोडलेल्या एका पुरणपोळीत त्याहून जास्त येतात. निव्वळ व्यायामाने वजन भराभर उतरत नाही, हे आता सर्वमान्य आहे. उतरवण्याचं मुख्य काम ताटात होतं. पण उतरलेलं तिथेच ठेवणं, साखर आणि रक्तदाब काबूत ठेवणं, गुडघे आणि झोप सांभाळणं, हे काम व्यायाम करतो, काटा हलला नाही तरी करतो. ज्याचा पगार ज्या खात्यात जमा होतो, तेच खातं त्याने तपासावं. दुसऱ्याच खात्यात पैसे आले नाहीत म्हणून नोकरी सोडण्यात अर्थ नाही.

मग हातात काय ठेवायचं?

चारही पुस्तकांतून जे घेण्यासारखं आहे, ते एकत्र केलं तर फ्रिस्कोतल्या माणसासाठी एक साधी वही तयार होते. पान आठवड्याचं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी: मध्यम जोराचा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम. म्हणजे पानावर दोनच रकाने पुरेत: मिनिटं आणि ताकदीचे दिवस. तिसरा रकाना, वजनाचा, हवा असेल तर महिन्याच्या शेवटी एकदा भरा.

मध्यम जोर कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. घड्याळ नसलं तरी चालतं. ज्यांना छातीत दुखतं, धाप लागते किंवा आधीच हृदयाचा आजार आहे, त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं. बाकीच्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी. दीडशे मिनिटं पहिल्याच आठवड्यात गाठायची घाई करू नये.

उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर यायच्या आत बाहेर पडा. ते जमत नसेल, तर स्टोनब्रायर सेंटर आहे, वातानुकूलित आहे, आणि मॉलमध्ये चालणाऱ्याला कुणी अडवत नाही, खिसा मात्र सांभाळा. मुलांच्या प्रॅक्टिसचा तास हा तर देवाने दिलेला व्यायामाचा तास आहे. गाडीतून उतरा आणि मैदानाला फेऱ्या मारा. आठवड्यातून दोन तास प्रॅक्टिस असेल तर १५० पैकी १२० मिनिटं तिथेच झाली. ताकदीच्या दोन दिवसांसाठी औंधचे सूर्यनमस्कार घ्या, पाठ आणि मनगटं साथ देत असतील तर. त्याला बैठका आणि भिंतीला टेकून दंड जोडा. बैठकीची खोली पुरते.

आणि घंटा? ती तुम्हालाच बसवावी लागेल. आपल्याकडची ही खरी रिकामी जागा आहे. मंडळं नाटकं आणतात, ढोल-ताशा पथकं उभी करतात, गणपतीला शेकडो पानं वाढतात. शनिवारी सकाळी सातला अमुक पार्कात भेटायचं, एवढी साधी गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच असते. चार घरांनी मिळून ठरवली तरी पुरे. जो आला नाही त्याला दटावायचं नाही, फक्त एक निरोप धाडायचा: ‘पुढच्या शनिवारी ये.’ वस्ताद तेवढंच करायचे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या घंटेला घरातल्या बाईची वेळही हवी. आपल्या बहुतेक घरांत नवऱ्याचा व्यायाम म्हणजे ‘त्याची जिमची वेळ’ आणि बायकोचा व्यायाम म्हणजे ‘जमलं तर’. डबे, शाळा आणि ऑफिस यांच्यामधून तिची ४० मिनिटं कोण मोकळी करणार, हे वहीच्या पहिल्या पानावर नाव घालून लिहा. राणीसाहेबांनी नमस्कार घातले, तेव्हा पोळ्या दुसरं कुणीतरी करत होतं.

आता निकाल. ‘उपास’ आपल्याला आपला चेहरा दाखवतं, ते दर जानेवारीला ऐकावं. डॉ. दीक्षितांचं पुस्तक खाण्याच्या खोडीवर चांगलं बोट ठेवतं, पण मथळ्याच्या पुढे जाऊन वाचावं. भवानरावांकडून घंटा आणि सोबत घ्यावी, दावे तिथेच ठेवावेत. आणि कूपरचं पुस्तक, चौघांत सर्वांत कोरडं असूनही, एका शब्दासाठी मी वर ठेवतो: आठवडा. इच्छाशक्तीची परीक्षा घ्यायचं सोडून ते फक्त रविवारी रात्री वही उघडायला सांगतं.

या रविवारी ती उघडा. शून्य मिनिटं असतील तर शून्य लिहा, तारीख घाला आणि सोमवारचं पान कोरं ठेवा.